आबांची वही आणि फियाटचा गेलेला दम

गाडीचा पिकअप एका दिवसात जात नाही, हीच खरी पंचाईत आहे. एका दिवसात गेला असता तर त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली असती. तो जातो वर्षाला थोडा थोडा, आणि आपला उजवा पाय वर्षाला थोडा जास्त दाबायला शिकतो. ज्याची गाडी असते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. कळतं ते कधीतरी ओव्हरटेक करताना.

तर झालं असं की गेल्या दिवाळीत आम्ही जळगावहून धुळ्याला, मामांकडे निघालो होतो. गाडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. (घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. 'फियाट'च.) नाना चालवत होते, मी शेजारी, आई मागे फराळाचे डबे सांभाळत बसलेली. एरंडोल सोडल्यावर एका ठिकाणी दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच पट्ट्यावर वळवली होती आणि पुढे केळीचा ट्रक रांगत होता. नानांनी समोर मोकळं बघून गाडी बाहेर काढली. ट्रकच्या मधोमध आलो आणि गाडी तिथेच राहिली. म्हणजे चालत होती, पण ट्रकच्याच वेगाने! समोरून एसटी येताना दिसली. नानांनी ब्रेक मारून गाडी परत ट्रकच्या मागे घातली. एसटीवाल्याने हॉर्नवरचा हात पार पुढे जाईपर्यंत काढला नाही. पारोळा येईपर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही.

धुळ्यात पोचल्यावर मामांनी गाडी एकदा गल्लीतून फिरवून आणली आणि खास अहिराणीत निकाल दिला, "गाडीमा दम नही ऱ्हायना." नाना म्हणाले, विकून टाकू. जळगावच्या एका गॅरेजने आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिनचं काम निघणार: बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. वर यंदा पासिंगचं वर्ष. एवढ्या जुन्या गाडीचं शुल्क आता चांगलंच वाढलंय. भंगारवाला जेवढे देईल तेवढे घ्यायचे आणि विषय संपवायचा, असं नाना फार शांतपणे बोलले. ते शांतपणे बोलतात तेव्हा ठरलेलं असतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सिस्टिम अशीच हळूहळू मंद होत जाते, तेव्हा "सर्व्हर बदला" म्हणणारा एक साहेब हमखास असतो. आणि कोपऱ्यात एक जण असतो जो म्हणतो, आधी लॉग बघू. आमच्या टीममध्ये तो कोपऱ्यातला मी आहे. मी नानांकडे महिनाभराची मुदत मागितली. लॉग कुठे असणार ते मला माहीत होतं.

आबा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की वहीत लिहायचे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पंप आणि शेवटी 'शेरा'. दोन लांब वह्या, १९८६ ते २०१४. त्यानंतर नानांनी चालू ठेवली, पण नानांचा शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामाच.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण आजच्या मंडळींनी ती बहुधा सिनेमातच पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी जमलं आणि ११०० हे मॉडेल आलं. पुढे फियाटचं नाव गेलं. १९७० च्या दशकात तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि नंतर 'पद्मिनी' झाली. आतलं इंजिन मात्र जुनंच: चार सिलिंडर, १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, कार्बोरेटर, आणि गियर स्टिअरिंगच्या दांडीला. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आबांनी ही केळीच्या पैशातून घेतली. त्या काळी पैसे भरून नंबर लागण्याची वाट बघावी लागायची, त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा ती आधीच घरातली झालेली होती, असं आजी सांगायची.

चाळीस अश्वशक्ती हा आकडा लक्षात ठेवा. आज एक लिटरची साधी हॅचबॅकसुद्धा साठच्या वर देते. मुळात चाळीसच असतील आणि त्यातले दहा गेले, तर केळीचा ट्रकही भारी पडतो.

दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत मी दोन्ही वह्या स्प्रेडशीटमध्ये घातल्या. (आई: "पुण्याहून हे करायला आलास का?") पहिला आलेख एकदम नाट्यमय आला, ॲव्हरेज कड्यावरून पडल्यासारखं. पण त्यात खोट होती. १९९८ नंतर आबांचं बाहेरगावी जाणं कमी झालं आणि गाडी गावातच जास्त फिरायला लागली. गावात कोणत्याही गाडीचं ॲव्हरेज पडणारच. म्हणून मी फक्त धुळ्याच्या फेऱ्या निवडल्या, जिथे जाताना आणि आल्यावर टाकी फुल केलेली आहे. तोच रस्ता, तेच अंतर, तोच चालक. अशा ऐंशीच्या वर नोंदी निघाल्या.

इथे थोडं विषयांतर करतो, धुळ्याचं नाव निघालंच आहे म्हणून. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. ते गावोगावच्या वाड्यांमधून, माळ्यांवरून जुनी दप्तरं गोळा करत फिरले. आधी अस्सल कागद, मग मत, असा त्यांचा बाणा. आबांची वही काही मराठ्यांच्या इतिहासाचं साधन नाही. पण पंचेचाळीस हजारांचं मत देणाऱ्या गॅरेजवाल्याने एकही कागद पाहिलेला नव्हता, हेही खरं.

तर धुळ्याच्या फेऱ्या. १९८७ मध्ये ॲव्हरेज १३.८. १९९५ मध्ये १२.९. आठ वर्षांत एवढी झीज कोणत्याही गाडीची होते. २००१ मध्ये ११.६, २००५ मध्ये १०.४, २०१० मध्ये ९.१. म्हणजे २००० पर्यंत हलका उतार आणि त्यानंतर घसरगुंडी. जुन्या नोंदींमध्ये एक शेरा असा सापडला की मी तो नानांना मोठ्याने वाचून दाखवला. नोव्हेंबर १९८७, नाशिकहून येताना: "लळिंग घाट तिसऱ्यावर चढली, चार माणसे, सामान." लळिंगचा घाट धुळ्याच्या दक्षिणेला, किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. आता तो रस्ता रुंद झालाय, तेव्हा तुलना काटेकोर नाही. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही लळिंगच्या खाली जाऊन उलटे चढून आलो. तिघं जण, सामान नाही. दुसऱ्यावर, तेही कण्हत.

आता संशयित. पहिला माझ्याच डोक्यात होता आणि तो बऱ्यापैकी देखणा होता, त्यामुळे त्याच्यात माझे दोन दिवस गेले. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांमध्ये पेट्रोलमधल्या शिशाचा एक पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर बसायचा आणि धातूवर धातू घासण्यापासून वाचवायचा. शिसं गेलं की काही इंजिनांची सीट झिजते, व्हॉल्व्ह खोल बसत जातो, शेवटी नीट बंद होत नाही आणि दाब निसटतो. आलेखातली घसरगुंडीही २००० नंतरचीच! मी खूश. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत गेला की टॅपेटची गॅप कमी कमी होत जाते, आणि आबा तर प्रत्येक सर्व्हिसला लिहायचे: "टॅपेट बघितले, ठीक." २००० नंतरही ठीक, ठीक, ठीक. गॅप मिटत असती तर मिस्त्रीला दर वेळी सेट करावी लागली असती. संशयित सुटला. कालक्रम जुळला म्हणजे कारण सापडलं असं नसतं, हे ऑफिसात मी दुसऱ्यांना ऐकवत असतो.

दुसरा संशयित गॅरेजवाल्याचा: रिंगा आणि बोअर. त्यासाठी कॉम्प्रेशन मोजायला हवं, आणि त्यासाठी फियाट ओळखणारा माणूस. धुळ्याला दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, त्यामुळे गॅरेजची वस्ती पिढ्यान्पिढ्या आहे. मामांच्या ओळखीने एक चाचा भेटले. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी. त्यांनी गाडी बघितली, बॉनेट न उघडता आधी चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवली. ब्रेक धरून राहिला असेल तर गाडीत दम नाही असंच वाटतं. चाकं मोकळी होती. मग नानांना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून स्वतः कार्बोरेटरपाशी वाकले. पेडल जमिनीला टेकलं तरी थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, असं जुन्या गाड्यांत फार होतं. दांड्या झिजतात, वरून कोणीतरी जाड मॅट टाकलेली असते. इथे थोडी कसर निघाली, पण थोडीच. मग चौथ्या गियरवर रस्त्यात एकदम दाबून बघितलं, इंजिन नुसतंच ओरडतंय का, म्हणजे क्लच घसरतोय का. नाही. एअर फिल्टर, पेट्रोलची पाइप, एसी पंप. पाइप आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने चिकट झालेली होती, ती बदलली.

इथेनॉलवर दोन वाक्यं, कारण आजकाल प्रत्येक दुखणं त्याच्यावर ढकलायची फॅशन आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल असं धरलं होतं. जुन्या रबराला ते मानवत नाही हेही खरं. पण आमची घसरगुंडी २०१० च्या आधीच होऊन गेलेली होती. तो आरोपी गुन्ह्याच्या वेळी गावातच नव्हता.

मग चाचांनी प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज लावला. पहिल्या सिलिंडरला १३२ पौंड, दुसऱ्याला १३५, तिसऱ्याला १५८, चौथ्याला १३४. चाचांनी तिसरा परत मोजला. परत तेवढाच.

"ये तो उल्टा है, बेटा," ते म्हणाले. "रिंगा गेल्या असत्या तर काटा खाली पाहिजे. हा वर चाललाय."

काटा वर जातो कधी? सिलिंडरमधली जागा कमी झाली की. आणि जागा कमी होते कार्बनने, पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडच्या आत खरपुडीसारखा थर बसला की. म्हणजे पंचेचाळीस हजारांचं निदान उलट्या दिशेचं होतं. पण कार्बनने दाब वाढत असेल, तर ताकद कमी का? चाचांनी टायमिंगची खूण बघितली आणि हसले. पुस्तकात सांगितलेल्या जागेपेक्षा ठिणगी कितीतरी उशिरा पडत होती.

ज्यांनी इंजिन बघितलं नाही त्यांच्यासाठी: पेट्रोल आणि हवेचं मिश्रण फुटत नाही, जळतं, आणि जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पाडतात, म्हणजे पिस्टन वरून खाली वळतो तेव्हा दाब ऐन भरात असतो. ठिणगी उशिरा पाडली तर पिस्टन निघून गेल्यावर मागून धक्का बसतो, झोक्याला उशिरा ढकलल्यासारखा. ताकद कमी, पेट्रोल तेवढंच, आणि उरलेली उष्णता सायलेन्सरमध्ये आणि रेडिएटरमध्ये. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत ते आणखी महागात पडतं. मग कोणी शहाणा माणूस टायमिंग मागे का घेईल? एकाच कारणासाठी: नॉकिंग. खराब पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच आपलं आपण पेटतं आणि इंजिनमधून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. टायमिंग मागे घेतलं की आवाज बंद होतो. दमही जातो, पण आवाज बंद होतो.

आणि इथे मी रात्री परत वही उघडली, या वेळी आकडे सोडून फक्त शेरे. मे २००१: "नॉकिंग. टायमिंग मागे." डिसेंबर २००३: "नॉकिंग. टायमिंग मागे. पेट्रोलला घासलेटचा वास?" जून २००६: "टायमिंग अजून थोडे मागे." फेब्रुवारी २००९: "टायमिंग मागे." चार वेळा मागे. 'पुढे' हा शब्द दोन्ही वह्यांमध्ये कुठेही नाही.

नॉकिंगचा इतिहासच मुळी घासलेटपासून सुरू होतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने गाडीला विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन दिलं. गाड्या नॉक करायला लागल्या की लोक त्याच्या इग्निशनला नावं ठेवायचे. शेतघरांसाठी त्याची कंपनी रॉकेलवर चालणारे विजेचे संच बनवत होती, आणि तेही नॉक करत होते. १९१६ मध्ये त्याने थॉमस मिजली नावाच्या तरुण पोराला या आवाजामागे लावलं. दोघांना वाटलं, इंधन लाल रंगाचं केलं तर ते उष्णता वेगळ्या तऱ्हेने शोषेल. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं, आणि आवाज थांबला! मग खरे लाल रंग टाकून बघितले तर काही फरक नाही. काम रंगाचं नव्हतंच, आयोडीनचं होतं. (चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर. आमच्या धंद्यात याच्यावर अख्ख्या करिअर उभ्या आहेत :)) तिथून शोधत शोधत डिसेंबर १९२१ मध्ये ते टेट्राएथिल लेडपर्यंत आले, म्हणजे शिसं. १९२४ मध्येच ते बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार दगावले, तरी ते जगभरच्या पेट्रोलमध्ये गेलं आणि शेवटच्या देशातून, अल्जीरियातून, २०२१ मध्ये बाहेर पडलं. माझा पहिला संशयित तो हाच.

आपल्याकडे घासलेटची गोष्ट वेगळ्या अंगाने गेली. रेशनचं रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी होतं, म्हणून सरकारने त्याची किंमत धरून ठेवली. २००२ पासून २०१० पर्यंत दिल्लीत ते लिटरला नऊ रुपयांच्या आसपास होतं. त्याच काळात पेट्रोल तिशीच्या आतून पन्नाशीच्या घरात गेलं. एका टँकरवर हा फरक किती होतो ते तुम्हीच मनात गुणा. २००५ च्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज होता की रेशनच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून जास्त भलतीकडे वळतं. ते ओळखू यावं म्हणून निळा रंग घालत. २००६ मध्ये रंगाच्या जोडीला एक रासायनिक खूणही घालायला सुरुवात केली, ती दोनेक वर्षांत गुंडाळली. रॉकेल डिझेलमध्ये जास्त सहज खपायचं. पेट्रोलमध्ये नाफ्था आणि सॉल्व्हंटही जायचे. पण इंजिनच्या दृष्टीने परिणाम एकच. हलकं पेट्रोल पटकन वाफ होतं, रॉकेल होत नाही. अर्धवट जळून ते कार्बन सोडतं. कार्बनने दाब वाढतो आणि तापलेले कण आत राहतात, त्यामुळे नॉकिंग आणखी वाढतं. मग मिस्त्री टायमिंग आणखी मागे घेतो, त्याने जळण आणखी बिघडतं, कार्बन आणखी बसतो. आबांच्या आलेखाचा उतार दर वर्षी का वाढत गेला ते या चक्राने सरळ उलगडतं.

आणि आमच्या खानदेशाचं पेट्रोल येतं कुठून? मनमाडजवळच्या पानेवाडीहून. तेल कंपन्यांचे मोठे डेपो तिथे आहेत आणि मुंबईहून पाइपलाइन येते. उत्तर महाराष्ट्रातले टँकर तिथे भरून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे निघतात. आजही पानेवाडीला टँकरवाल्यांचा संप झाला की जळगावच्या पंपांवर रांगा लागतात.

२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथून जात होते. रस्त्याकडेला टँकरपाशी चाललेला भेसळीचा प्रकार त्यांना दिसला म्हणून ते थांबले. भरदुपारी, सरकारी अधिकारी असताना, त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, ठिकठिकाणी छापे पडले, तपास पुढे सीबीआयकडे गेला. त्याच्या आधी १९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला होता, तोही पंपावरची भेसळ पकडली म्हणून. मंजुनाथ सत्तावीस वर्षांचे होते. माझ्याहून एका वर्षाने लहान.

सोनवणे गेले तेव्हा मी शाळेत होतो. घरात टीव्हीसमोर सगळे गप्प बसलेले आठवतात. त्या दिवसांत आबांच्या वहीत काही आहे का म्हणून पान उलटलं. २९ जानेवारी २०११. लिटर, रुपये, किलोमीटर. पंपाच्या रकान्यात नेहमीचं नाव खोडून दुसरं लिहिलंय. शेरा कोरा.

नेहमीच्या पंपाचं नाव मी इथे देत नाही, कारण त्यांच्यावर काहीही सिद्ध होत नाही. नॉकिंग नुसत्या कार्बननेही होतं, उन्हाळ्यानेही होतं, आणि त्या काळचं आपलं साधं पेट्रोल तसंही कमी ऑक्टेनचं होतं. चारातले दोन शेरे डिसेंबर आणि फेब्रुवारीचे आहेत, म्हणून उन्हाळ्यावर सगळं ढकलता येत नाही, एवढंच म्हणेन. घासलेटच्या वासापुढे आबांनी स्वतःच प्रश्नचिन्ह ठेवलंय. ते काढायचा मला अधिकार नाही.

पण एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते, आणि ती मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली. २०१६ पासून सरकारने रॉकेलची किंमत हळूहळू चढवत नेली, उज्ज्वलाचा गॅस आणि वीज पोचली, २०२० पर्यंत सबसिडी संपली. भेसळीतला तो नफाच राहिला नाही. पेट्रोलचं ऑक्टेनही वाढत गेलं, इथेनॉलने तर आणखी. म्हणजे ज्या आजारासाठी टायमिंग मागे घेतलं होतं तो आजार कधीच बरा झाला होता, आणि औषध चालूच होतं. आबा २०१४ मध्ये गेले. टायमिंग मागे घेतलेलं आहे हे माहीत असलेला एकमेव माणूस गेला. नानांना वाटलं गाडी म्हातारी झाली. आमच्या कोडमध्ये अशा जागा असतात: कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी एका बिघडलेल्या सर्व्हरसाठी तीन सेकंदांचा थांबा टाकलेला असतो, तो सर्व्हर भंगारात जातो, तीन सेकंद राहतात. त्या ओळीला हात लावायची कोणाची हिंमत नसते.

चाचांनी हेड खोललं. पिस्टनवरचा थर मी नखाने उकरून बघितला, तव्याच्या बुडाला असतो तसा. तिसऱ्यावर सगळ्यात जाड. रिंगा चाळीस वर्षांच्या मानाने बऱ्या होत्या. कार्बन खरवडून काढला, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवा गॅस्केट, नवे पॉइंट, प्लग, थ्रॉटलची दांडी, पेट्रोलची सगळी रबरं बदलली. डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं धुऊन मोकळी केली. एकूण खर्च नऊ हजार दोनशे, त्यात चहा धरलेला नाही. शेवटी चाचांनी टायमिंग पुस्तकातल्या खुणेवर आणलं, नानांना चढावर चौथ्यात दाबायला सांगितलं आणि खिडकीतून कान बाहेर काढून बसले. आवाज नाही.

गाडी काही नवी झाली नाही. चाळीस वर्षांची झीज आहेच, कार्बोरेटरच्या शाफ्टमधून हवा ओढते असं चाचांचं मत आहे आणि त्याचे सुटे भाग आता मुंबईत शोधावे लागतील. परतीच्या धुळे-जळगाव फेरीत ॲव्हरेज ११.९ आलं, तेही आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर. लळिंगला आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी परत गेलो होतो, या वेळी मामांनाही घेऊन, म्हणजे आबांच्या नोंदीसारखी चार माणसं पुरी. सामान म्हणून मामांनी दोन पोती कांदा डिकीत टाकला. मोजमाप नीट झालं पाहिजे म्हणे. खालून तिसऱ्यावर घेतली आणि वर येईपर्यंत नानांनी गियरच्या दांडीला हात लावला नाही. आई मागून म्हणाली, "हळू."

मार्चच्या पासिंगचे पैसे नानांनी भरायचं ठरवलंय. मी पुण्याला निघालो त्या सकाळी वही टेबलावर उघडी होती. नानांचं अक्षर, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि बऱ्याच वर्षांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी: "टायमिंग पुढे घेतले. बघू."